पावसाळ्यातले माथेरान : दस्तुरीनंतरच्या अडीच किलोमीटरांचे नियोजन

पावसाळी सहलीसाठी पहिल्यांदाच माथेरानला निघालेली मंडळी सहसा दोन प्रश्नांवर घरात चर्चा करतात : कोणते पॉइंट पाहायचे आणि हॉटेल कोणते घ्यायचे. माझ्या मते या दोन्हींच्या आधी तिसरा प्रश्न सोडवायला हवा. मोटारी जेथपर्यंतच जाऊ शकतात त्या दस्तुरी नाक्यावर गाडी थांबली, की तेथून बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर अंतर आपण कोसळत्या पावसात, सगळ्या सामानासह आणि बरोबरच्या सर्वांत थकलेल्या माणसाला सांभाळत कसे पार करणार आहोत? सहलीची तारीख, मुक्कामाची जागा, पिशवीचा आकार, पायातली पादत्राणे आणि परतीची वेळ या सगळ्या गोष्टी या एकाच उत्तरावर अवलंबून असतात.

कर्जत तालुक्यातले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, सपाट माथ्यावरच्या दाट झाडीत वसलेले आहे. माथ्यावरचे रान ते माथेरान, असा नावाचा अर्थ सांगितला जातो. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट येथे आले आणि त्यानंतर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून वाढत गेले. गावात मोटारींना मज्जाव आहे. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले, तर दस्तुरीच्या पुढे खासगी वाहन जात नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केल्यामुळे या बंदीला आणखी बळ मिळाले. लोणावळा किंवा महाबळेश्वरला पाऊस वाढला की आपण गाडीत बसून राहू शकतो, तशी सोय येथे नाही, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावी. ज्यांना भिजणे मुळीच आवडत नाही त्यांनी माथेरान दिवाळीनंतर पाहावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

तारीख ठरवताना

माथेरानचा वार्षिक पाऊस मुंबईच्या दुपटीच्या आसपास असतो आणि त्यातला मोठा वाटा जुलै आणि ऑगस्टमध्ये पडतो. जुलैमध्ये धबधबे जोरात असतात, परंतु धुके इतके दाट असते, की प्रसिद्ध पॉइंटवर पोहोचूनही कठड्यापलीकडे पांढऱ्या पडद्याशिवाय काहीच दिसत नाही, आणि हे तासन्‌तास चालू राहू शकते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य हा काळ सुचवतो. त्या दिवसांत सरींमध्ये उघडीप मिळते, झाडी पूर्ण हिरवी असते, ओढे वाहत असतात आणि ढग बाजूला सरकले, की समोरचा प्रबळगड एकदम डोळ्यांत भरतो. १५ ऑगस्टला जोडून येणारी सुट्टी मात्र टाळावी, कारण त्या दिवशी पायथ्याच्या नेरळ स्थानकाबाहेरच्या टॅक्सीच्या रांगेतच सकाळ संपते.

तारीख पक्की करताना आरक्षण रद्द करण्याच्या अटी आधी विचारून घ्याव्यात आणि निघण्याच्या तीन दिवस आधीपासून हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा पाहावा. येथे नवखी माणसे हमखास एक चूक करतात : ती मुंबईचा किंवा पुण्याचा अंदाज पाहतात, पाहायला हवा तो रायगड जिल्ह्याचा. पिवळा इशारा असेल तर सहल करता येते, फक्त दिवसाचा आराखडा सैल ठेवावा लागतो. नारिंगी इशारा असेल आणि बरोबर लहान मुले किंवा वयस्कर माणसे असतील, तर बेत पुढे ढकलावा. लाल इशारा म्हणजे चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक पावसाची शक्यता. अशा वेळी हॉटेलचे पैसे बुडाले तरी घरीच थांबावे. हे भीती घालण्यासाठी लिहिलेले नाही. जवळच्याच खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, ती संततधार पावसातच. डोंगर भिजून जड झाला, की तो कधी सुटेल हे वर राहणाऱ्या माणसालाही सांगता येत नाही.

मुक्कामाची जागा

गावाचा मध्य म्हणजे महात्मा गांधी मार्गावरचा बाजार आणि त्याला लागून असलेले माथेरान रेल्वे स्थानक. पावसाळ्यातल्या पहिल्या मुक्कामासाठी या भागापासून दहा-पंधरा मिनिटांत चालत पोहोचता येईल अशीच जागा निवडावी. झाडीत दडलेले जुने बंगले छायाचित्रांत मोहक दिसतात आणि हिवाळ्यात ते खरोखर सुखाचे असतात, परंतु संध्याकाळी सात वाजता वीज गेलेली असताना, पावसात, टॉर्चच्या उजेडात जेवणासाठी बाजारात जाण्याची वेळ आली, की त्या मोहाचे मोल कळते. माझ्या पहिल्या पावसाळी सहलीत दूरध्वनीवर ‘बाजारापासून पाच मिनिटे’ असे सांगितलेल्या ठिकाणी पोहोचायला आम्हाला पस्तीस मिनिटे लागली होती. ती पाच मिनिटे कदाचित घोड्याची असावीत. तेव्हापासून मी अंतर मिनिटांत न विचारता बाजारातल्या एखाद्या ठळक खुणेपासून विचारतो आणि नंतर नकाशावर स्वतः पडताळतो.

दर पावसाळ्यात उतरतात, मात्र काही हॉटेले दुरुस्तीसाठी बंद असतात आणि काहींचे स्वयंपाकघर अर्धवट चालते. म्हणून आरक्षण करताना खोलीच्या दर्जापेक्षा व्यवहाराचे प्रश्न विचारावेत : जेवण दरात धरले आहे काय, वीज गेल्यावर जनरेटर किती वेळ चालतो, गरम पाणी ठरावीक वेळेतच मिळते काय, आणि खोली कोणत्या वेळेला सोडावी लागते. माथेरानमध्ये खोली सोडण्याची वेळ अनेकदा आपल्या अपेक्षेपेक्षा बरीच लवकर असते, त्यामुळे रविवारी सकाळी फिरायला जाण्यापूर्वीच सामान आवरून स्वागतकक्षात ठेवावे लागते. शक्य असल्यास वरच्या मजल्यावरची, वारा खेळणारी खोली मागावी. तळमजल्यावरच्या खोल्यांत जुलैपर्यंत गाद्यांनाही ओल येते.

नेरळपर्यंत आणि नेरळपासून वर

मुंबईकरांसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मध्य रेल्वेची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला उतरणे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून या प्रवासाला सुमारे दोन तास लागतात. बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या नेरळला थांबत नाहीत, म्हणून पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईच्या दिशेची लोकल घ्यावी. भिवपुरी रोडनंतर लगेच नेरळ येते. शनिवारी सकाळी दहाच्या आत नेरळला पोहोचणे हे पहिल्या दिवसाचे खरे उद्दिष्ट असावे. शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर निघून रात्री दस्तुरी गाठण्याचा बेत कितीही आकर्षक वाटला, तरी पावसाळ्यात तो करू नये.

मिनी ट्रेनबद्दलचा गैरसमज येथेच दूर केलेला बरा. आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने १९०७ मध्ये सुरू झालेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही गाडी नेरळ ते माथेरान हे सुमारे २१ किलोमीटरचे अंतर जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज या स्थानकांमार्गे कापते. परंतु दरडी आणि रूळ वाहून जाण्याचा धोका लक्षात घेऊन नेरळ ते अमन लॉज हा टप्पा साधारणपणे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवला जातो. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग इतका उखडला, की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले. पावसाळ्यात चालते ती केवळ अमन लॉज ते माथेरान ही शटल सेवा, आणि तीही अतिवृष्टीत थांबवली जाऊ शकते. मुलांना ‘आपण डोंगरावर झुकझुक गाडीने जाणार’ असे सांगून निघालेले पालक नेरळच्या फलाटावर पेचात पडतात; मुलांना शटलचेच आश्वासन द्यावे आणि तेही जपून.

नेरळ स्थानकाबाहेर दस्तुरीला जाणाऱ्या सामायिक टॅक्सी मिळतात. माणशी भाडे ठरलेले असते आणि टॅक्सी भरली, की निघते. स्वतःची मोटारही दस्तुरीच्या वाहनतळापर्यंत नेता येते, परंतु हा घाट अरुंद आणि फारच चढाचा आहे, आणि धुक्यात समोरचे वळण बोनेटपाशी आल्यावरच दिसते. घाटात गाडी चालवण्याचा सराव नसलेल्याने हा प्रयोग पावसाळ्यात करू नये. ज्यांना मोटारीनेच जायचे आहे त्यांनी ब्रेक आणि वायपर आधी तपासून घ्यावेत, चढताना आणि उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच राहावे, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये आणि वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. दृश्य चांगले आहे म्हणून वळणावर किंवा दरडीच्या खाली गाडी थांबवणे हा या घाटातला सर्वांत मोठा अपराध होय.

दस्तुरीला उतरल्यावर घोडेवाले, हमाल, टॅक्सीचालक आणि आपल्यासारखेच गोंधळलेले पर्यटक यांच्या गर्दीत उभे राहून निर्णय घेण्याची वेळ येऊ नये, म्हणून तो आधीच घेतलेला असावा. नगरपरिषदेचा प्रवेशकर नाक्यावर भरून त्याची पावती सांभाळून ठेवावी. नंतर थेट अमन लॉज स्थानकाकडे जावे, जे नाक्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे. शटल आज चालू आहे किंवा नाही, याचे उत्तर तिकीट खिडकीवरच घ्यावे, रस्त्यात कोणीही काहीही सांगितले तरी. गाडी लहान असते आणि शनिवारी रांग लांब असते. पुढच्या फेरीत जागा मिळत नसेल तर तासभर ओलेत्याने ताटकळण्यापेक्षा चालत निघणे बरे. रुळांच्या जवळून जाणारी ही वाट फारशी चढाची नाही आणि पाऊण तास ते एक तासात बाजार येतो.

चालणे शक्य नसलेल्यांसाठी घोडा किंवा ई-रिक्षा हे पर्याय आहेत. माणसाने ओढायच्या हातरिक्षा ही माथेरानची जुनी ओळख होती, परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षांचा पर्याय देण्याचा आदेश दिला. ई-रिक्षांची संख्या मर्यादित असल्याने गर्दीच्या दिवशी त्यांच्यासाठीही थांबावे लागते. गुडघेदुखी असलेली आजी बरोबर असेल तर हॉटेलला आदल्या दिवशी फोन करून ही सोय विचारावी. घोड्याचा दर दरफलकावर पाहून, जाण्याचा की जाण्यायेण्याचा हे स्पष्ट करूनच बसावे. ओल्या उतारावर घोड्याचा पायही घसरतो, म्हणून लहान मुलाला एकट्याला पाठीवर बसवून आपण मागून चालत जाणे मला योग्य वाटत नाही. सामान मात्र हमालाकडे अवश्य द्यावे. ही येथल्या लोकांची रोजीरोटी आहे आणि पावसाळ्यात त्यांचे उत्पन्न कमी झालेले असते.

पिशवीत काय असावे

चाकांची बॅग आणू नये. ती मी एकदा आणली होती. दस्तुरीपासून अर्ध्या किलोमीटरमध्ये तिच्या चाकांत तांबडा चिखल इतका घट्ट बसला, की उरलेला रस्ता ती खांद्यावर घेऊनच काढावा लागला आणि घरी आल्यावर ती बॅग कायमची माळ्यावर गेली. माणशी एक पाठीवरची पिशवी पुरते. पिशवीवर जलरोधक आवरण असले तरी आतले कपडे वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत बांधावेत, कारण आवरण वरून येणारे पाणी अडवते, पाठीवरून ओघळणारे नाही. जीन्स वाळत नाहीत. सुती कपडेही दोन दिवसांत वाळत नाहीत. पातळ कृत्रिम धाग्याचे कपडे, एक गरम जाकीट, मोज्यांचे तीन-चार जोड आणि रात्रीसाठी राखून ठेवलेला एक पूर्ण कोरडा जोड, एवढे पुरेसे आहे. छत्री बाजारात फिरायला चालते, परंतु कड्यावरच्या वाऱ्यात ती उलटी होते आणि तिला सावरणारा माणूस पायाखाली बघत नाही, म्हणून रेनकोट हवाच.

पादत्राणांविषयी तडजोड करू नये. येथली जमीन जांभ्या दगडाची आहे. त्यावर चढलेले शेवाळ आणि वरून वाहणारा तांबडा गाळ यामुळे गुळगुळीत तळव्याचा बूट बर्फावर चालल्यासारखा सरकतो. खोल खाचांचा रबरी तळवा असलेले बूट आणि खोलीत घालायला साध्या चपला आणाव्यात. चपला विसरल्यास काळजी नको. माथेरानचा बाजार चिक्कीइतकाच चपलांसाठीही प्रसिद्ध आहे.

टॉर्च, नेहमीची औषधे, ओआरएसची पाकिटे, पॉवर बँक आणि पुरेशी रोख रक्कम बरोबर असावी. वीज आणि मोबाइलचे जाळे गेले, की फोनवरून पैसे देण्याची सवय कामाला येत नाही आणि एटीएम मोजकीच आहेत. एरवी नेरळ डोंगराच्या पायथ्यालाच आहे, एखादी वस्तू राहिलीच तर तेथे मिळते.

दोन दिवसांचा क्रम

माथेरानला तीसहून अधिक पॉइंट आहेत आणि घोडेवाल्यांकडे त्यांची ‘सात पॉइंट’, ‘बारा पॉइंट’ अशी गणिते तयार असतात. पावसाळ्यात हे गणित स्वीकारू नये. शनिवारी दुपारचे जेवण उरकून शार्लोट तलावाकडे जावे. वाटेवर वरून झाडांचे छत असल्याने पावसाचा मारा कमी लागतो, आणि पाऊस थांबल्यावरही तासभर झाडे ठिबकत राहतात, ती शांतता ऐकण्यासारखी असते. तलावाकाठी ग्रामदैवत पिसारनाथाचे मंदिर आहे. हा तलाव गावाला पिण्याचे पाणी पुरवतो, म्हणून त्यात उतरण्याचा प्रश्नच नाही. तो भरून वाहू लागल्यावर सांडव्याच्या पाण्यात उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोहही आवरावा, कारण ते पाणी पुढे कड्याकडेच जाते. तेथून जवळच एको आणि लुईझा हे पॉइंट आहेत. धुके असेल तर दहा-वीस मिनिटे थांबून पाहावे. पावसाळ्यात पॉइंट ‘पाहून होत’ नसतो, तो उघडण्याची वाट पाहावी लागते, आणि एका ठिकाणी अर्धा तास बसलेल्या माणसाला सात ठिकाणी धावलेल्यापेक्षा अधिक दिसते, असा माझा अनुभव आहे. अंधार पडण्यापूर्वी, म्हणजे सहाच्या आत, बाजारात परतावे आणि कांदाभजी खावीत.

रविवारी सकाळी लवकर उठून, पाऊस थांबलेला असेल तरच, अलेक्झांडर पॉइंटच्या बाजूने फिरून यावे किंवा उत्तरेकडच्या पॅनोरमाची लांब वाट धरावी. पॅनोरमाला जाऊन येण्यास अर्धा दिवस लागतो, त्यामुळे दुपारची गाडी पकडणाऱ्यांनी तो सोडून द्यावा. वन ट्री हिलकडून खाली उतरणारी शिवाजी लॅडरची वाट आणि गार्बेटच्या पठारावरची पायवाट जाणकार गिर्यारोहक पावसाळ्यात करतात. नवख्यांनी वाटाड्याशिवाय तिकडे जाऊ नये.

कड्यावर वागण्याचे दोन-तीन नियम मात्र कोणत्याही क्रमापेक्षा महत्त्वाचे आहेत. कठडा ओलांडायचा नाही आणि कठडा नसेल तर काठापासून दोन माणसांच्या उंचीइतके अंतर ठेवायचे, कारण पावसात काठाची माती आतून पोकळ झालेली असते आणि वरचे गवत ती पोकळी झाकून ठेवते. ओढ्याचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा त्यात पालापाचोळा वाढला, तर वर कोठेतरी जोराचा पाऊस झाला आहे असे समजून लगेच बाजूला व्हावे. धबधबे आणि धरणांच्या परिसरात जाण्यास जिल्हा प्रशासन पावसाळ्यात अनेकदा मनाई आदेश काढते. तो लागू असेल तर ते ठिकाण वगळावे. हातात खाऊ घेऊन चालू नये, कारण येथली माकडे पिशवीचा आवाज ओळखतात आणि घाबरून मागे सरकणारा माणूस ओल्या दगडावर आपटतो. माकडाने वस्तू ओढली तर ती सोडून द्यावी. अडचणीत ११२ या क्रमांकावर मदत मागता येते, परंतु फोन लागेलच असे नाही, म्हणून फिरायला जाताना कोणत्या बाजूला चाललो आहोत हे हॉटेलमध्ये सांगून जावे.

परत निघताना

रविवारची परतीची गर्दी दुपारी तीननंतर दस्तुरीला जमते आणि संध्याकाळपर्यंत टॅक्सीसाठी रांग वाढत जाते. दुपारचे जेवण साडेअकराला उरकून बाराच्या सुमारास बाजार सोडला, तर हे सारे टळते. निघण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात : मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक कोणत्या टप्प्यात आणि किती वाजेपर्यंत आहे, आणि घाटात दरड पडल्यामुळे वाहतूक थांबली आहे काय. पुण्याकडे जाणाऱ्यांनी कर्जत–लोणावळा घाटातल्या रेल्वे वाहतुकीची स्थितीही पाहावी. रेल्वेची चौकशी १३९ या क्रमांकावर होते.

उल्हास नदीला पूर आला, की नेरळच्या अलीकडचा बदलापूर–वांगणी हा पट्टा पाण्याखाली जातो. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस याच पट्ट्यात अडकली होती आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. म्हणून सोमवारी सकाळी चुकवता येणार नाही अशी परीक्षा किंवा बैठक असेल, तर हा शनिवार-रविवार माथेरानसाठी निवडू नये. आणि वर असतानाच पाऊस अनावर झाला, तर घाईने घाट उतरण्यापेक्षा हॉटेलमालकाला विचारून आणखी एक रात्र तेथेच काढावी; पावसाळ्यात रविवार रात्रीच्या खोल्या बहुधा रिकाम्या असतात आणि दरही घासाघीस करून कमी होतो.